बिनमार्जिनची पँट

गिऱ्हाइकाची पँट शिवताना चाचा कमरेला आतून दोन इंच कापड जादा सोडायचे. शिंपी त्याला मार्जिन म्हणतात. माणूस सुटला की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, पँट पुन्हा बसते. परंड्याच्या बाजारपेठेत सगळेच शिंपी हे करतात. स्वतःची पँट शिवताना मात्र चाचा आत काही ठेवायचे नाहीत. शिवणीच्या अगदी कडेनं जादाचं कापड कापून टाकायचे. "लोकांना दोन इंच, मला शून्य," असं म्हणत कात्री चालवायचे आणि कापलेली पट्टी टोपलीत टाकण्याआधी क्षणभर तिच्याकडं बघायचे.

"तुम्हाला नाही का लागणार कधी?" मी विचारलं होतं. तेव्हा मी नवा होतो.

"लागंल ना. म्हणून तर कापली," ते म्हणाले. "आत जागा हाय म्हटलं की माणूस भरतो सर. पेटी असू द्या नायतर पोट."

त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी बारा वर्षांपासून भाड्यानं राहतो. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागं त्यांचं घर, वर मी. मूळचा मी माकणीचा. इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. एकटा आहे. चाचा जाऊन आता पाच महिने होत आले. मी त्यांचा नात्यानं कुणी नव्हतो, त्यामुळं मला भेटायला कुणी आलं नाही, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असंही नाही. पण त्यांच्याविषयी कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटत राहिलं. रोज थोडं लिहितो, थोडं खोडतो.

मी राहायला आलो तेव्हा चाचा मध्यम अंगाचे, ताठ बसणारे, पांढरी दाढी नीट कातरलेले शिंपी होते. हा माणूस कधी अवाढव्य असेल यावर मी विश्वास ठेवला नसता. पण दुकान बंद करताना ते मशीनवर एक करड्या रंगाची खोळ घालायचे. एकदा नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती खोळ म्हणजे पँट आहे. तिच्या एकाच पायात अख्खं मशीन झाकलं जात होतं. दुसरा पाय खाली लोंबत असायचा.

"ही कुणाची?"

"माझी. आधी मी ह्याच्यात राहत होतो," चाचा म्हणाले. "भाड्यानं न्हाय. मालकीचं."

त्यांच्या खाण्याची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आणि सांगताना कधी लाजले नाहीत. ते जेवणावर फार खायचे असं नव्हतं. चारचौघांत तर कमीच खायचे. खरं खाणं मशीनच्या खणात होतं. लाकडी टेबलाला उजव्या हाताशी एक खण असतो. त्यात खडू, सुया, बॉबिन ठेवतात. त्यांच्या खणात कुंथलगिरीचे पेढे, बेकरीची खारी, जिलेबीचा पुडा असायचा. डावा हात कापडावर, उजवा खणात. मशीन चालू असलं की चावण्याचा आवाज ऐकू येत नाही. "मला भूक लागायची न्हाय," ते म्हणायचे. "भूक लागली असती तर भरली असती. मला हात लागायचा. हाताला काम नसलं की खण. काम लई झालं की खण. कुणी बोललं की खण. कुणी चांगलं बोललं तरी खणच."

मग एका लग्नाची शेरवानी शिवायला आली. पांढरी, भारी कापडाची. ठरल्या दिवशी नवरदेवाचे वडील ती न्यायला आले. घडी उलगडली, तर छातीवर, डाव्या बाजूला, तुपकट अंगठ्याचा पूर्ण ठसा. रेघा मोजता आल्या असत्या इतका स्पष्ट. दुकानात चार माणसं बसलेली. ते गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, "चाचा, तुमी कपडे शिवता का कपडे खाता?"

सगळे हसले. चाचाही हसले. डाग धुऊन निघाला, लग्न झालं. पण त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी टेपनं स्वतःची कंबर मोजायला घेतली, आणि हात मागं पोचेना. चाचीनं मोजली. तिनं आकडा सांगितला नाही, टेप गुंडाळून ठेवून दिली. "तीस वर्षं गावाची मापं घेतली," चाचा मला म्हणाले, "आणि माझं माप घ्यायला दुसरं माणूस लागलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खण बाहेर ओढला, पालथा केला, पुसला, आणि उघडाच ठेवला. तो पुढं कधी बंद झाला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचा गुडघा त्याला लागायचा. लोक ढकलून बंद करायला जायचे. चाचा म्हणायचे, "राहू द्या. तो उघडाच बरा."

अंग उतरायला त्यांना तीन वर्षं लागली. मी आलो तेव्हा त्या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि तरी ते रोज असे वागत जणू कालच ठरवलंय. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "शिवणं एका दिवसाचं असतंय. इस्त्री रोजची."

त्यांचे नियम विचित्र होते. काय खायचं नाही, असा एकही नियम नव्हता. शीरखुर्मा खायचे, मटण खायचे, सोनारीच्या जत्रेचा प्रसाद घरी आला की तोही. पण एकटं खायचं नाही. आणि स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही. दुसऱ्या माणसानं वाढायचं, एकदाच, आणि जे ताटात आलं ते जेवण. "माझ्या हातावर माझा भरोसा न्हाय," ते म्हणायचे. "सुई धरतो तेवढी नीट. चमचा धरला की बिघडतो."

वाढायची चाची. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. ती वाढायची आणि लगेच भांड्यावर झाकण ठेवायची. ठण्ण असा आवाज व्हायचा. तो आवाज म्हणजे जेवण ठरलं. मी वरच्या खोलीत वाचत बसलेलो असलो तरी तो आवाज ऐकून मला कळायचं, चाचांचं ताट वाढून झालं.

वजन उतरवायचा उपाय विचारायला तालुक्यातून लोक यायचे. त्यांना काहीतरी काढा, काहीतरी पथ्य हवं असायचं. चाचा त्यांना विचारायचे, "तुम्हाला कोण वाढतं?" लोक गोंधळायचे. एक गृहस्थ म्हणाले, "बायको वाढती की."

"झाकण ठेवते का?"

"झाकण? ती तर घ्या घ्या करून मागंच लागती."

"मग माझ्याकडं का आलात? तिला घेऊन या."

गृहस्थ चिडून गेले. चाचा माझ्याकडं वळून म्हणाले, "आपल्याकडं आग्रह केला न्हाय तर माणसाला वाटतं, ह्यांना आपण नको झालो. त्याला मी तरी काय सांगू?"

मी स्वतः त्या वेळी चांगलाच जाड होतो. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण शिंप्याला सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, मी त्यांच्याकडून दोन पँटी शिवून घ्यायचो. टेप कमरेभोवती आली की ते पुटपुटायचे, "एक इंच पाहुणा आलाय सर. राहणार का जाणार?" पुढच्या वर्षी, "पाहुण्याचा भाऊबी आला."

माझा खण म्हणजे पुस्तक. वाचताना शेजारी फरसाणाची पुडी लागायची, आणि पुडी संपली की प्रकरण संपल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक सहज घेतलं, पान उजेडाला धरलं. कडेला तेलकट डाग होता, आणि त्यात अंगठ्याच्या रेघा. त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

सहा वर्षांपूर्वी चाची गेली. दुपारी छातीत कळ आली आणि बार्शीला नेईपर्यंत संपलं.

घरात तीन दिवस चूल पेटली नाही. त्यांच्यात तशी रीत आहे, आणि आमच्यातही काही वेगळं नाही. दुःखाच्या घराला शेजार जेवू घालतो. गल्लीतून डबे येऊ लागले. दालचा, खिचडी, पिठलं-भाकरी, शेवया, कुणी काय, कुणी काय. मुलगा आणि सून येणाऱ्या माणसांत अडकलेले. कुणीतरी म्हणालं, चाचांच्या जेवणाचं सर बघतील.

मी बघितलं. चाचा दुकानात मशीनसमोर बसून होते. माणसांत त्यांना घास उतरत नव्हता. मला वाटलं, एकटे असले तर दोन घास खातील. मी डबे मशीनशेजारी मांडले आणि बाहेर येताना दार लावून घेतलं.

हा माणूस एकटा जेवत नाही, हे मला सहा वर्षं माहीत होतं. पण ते मला पुस्तकातलं वाक्य माहीत असावं तसं माहीत होतं. समोर रडवेला झालेला माणूस होता, आणि अशा माणसापुढं अन्न ठेवायचं असतं, एवढंच मला सुचलं.

संध्याकाळी डबे रिकामे होते. पुसून घेतल्यासारखे. मला बरं वाटलं. मी सुनेला सांगितलं, "भाभी, जेवले हो." दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा चाचा शिवत होते. मशीनचा आवाज चालू होता. खण बंद होता.

पुढचं सगळं गल्लीनं पाहिलं. तीन-चार महिन्यांत पँटीचं बटण लागेना. चाचा लुंगीवर आले. बाजारातले लोक चेष्टा करायचे, "काय चाचा, दुकानातलं कापड संपलं काय?"

"कापड हाय," चाचा म्हणायचे. "कंबरच संपंना."

मी म्हणालो, "तुम्ही शिंपी. एक मोठी शिवून घ्या की तोवर."

"नको. शिवली की तीच खरी होती. लुंगीत माणूस पाहुणा असतो." त्यांच्या जुन्या दोन पँटी दुकानातल्या खिळ्यावर टांगलेल्या होत्या. दर शुक्रवारी त्या उतरवून, झटकून, इस्त्री करून ते पुन्हा टांगायचे. घालत नव्हते, तरी इस्त्री सोडली नाही.

मला सांगायला जवळजवळ वर्ष लागलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी म्हणालो, "चाचा, ते डबे मी ठेवले होते."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "डबे तुमी ठेवले. खाल्ले मी. तुमचं तुमच्याकडं, माझं माझ्याकडं." शिवण संपली, त्यांनी दोरा तोडला. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पण सर, दार का लावलं?"

 

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिना चढून वर आले. लुंगी सावरत, धापा टाकत. हातात रिकामं ताट होतं.

"वाढणारा हात पायजे एक," ते म्हणाले.

"भाभी आहेत की."

"ती पोर हाय. सासऱ्याला न्हाय म्हणणं तिला जमायचं न्हाय. तुमी वाढा. माझं तुमच्याकडं काहीतरी राहिलंय, म्हणून तुमाला जमंल."

तेव्हापासून मी सुटीच्या दिवशी दुपारी आणि रोज संध्याकाळी माझा डबा घेऊन खाली जाऊ लागलो. सून स्वयंपाकघरातून भांडी आणून ठेवायची. मी त्यांना वाढायचो, एकदाच, आणि झाकण ठेवायचो. पहिल्या दिवशी ताटातली भाकरी संपत आल्यावर त्यांची नजर भांड्याकडं गेली आणि तिथंच थांबली. वर्गात बाकावर उभं केलेलं पोर घड्याळाकडं बघतं, तशी. मला वाटलं, अर्धी द्यावी. सून दारात उभी होती, तिलाही तेच वाटत असणार. मी झाकणावर हात ठेवून बसलो. चाचांनी ताट पुढं सरकवलं आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "माझं तुमी बघता, तुमचं कोण बघतं?" आणि माझा डबा ओढून घेऊन ते मला वाढू लागले. एकदाच. माझ्या डब्याचं झाकण ते लावायचे, जोरात, चाचीसारखा आवाज काढून. फरसाण कधी सुटलं हे मला नीट सांगता येणार नाही. एवढंच, की संध्याकाळी खाली कुणीतरी वाट बघतंय हे माहीत असलं की दुपारची पुडी उघडावीशी वाटेना.

त्यांना जुन्या पँटीत यायला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी बटण लागलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले नाहीत. खण बाहेर ओढला आणि मला म्हणाले, "बघा, खडू हाय फक्त."

माझे पाहुणेही एकेक करून गेले. चार वर्षांत चार इंच. मला त्याचा थोडा गर्व झाला असावा. एका उन्हाळ्यात माप देताना मी म्हणालो, "चाचा, या वेळी माझीही शून्य शिवा."

त्यांनी टेप गळ्यात टाकली. "घाई करू नका सर. पाहुणे गेले म्हणजे कायमचे गेले असं न्हाय." आणि माझ्या देखत, मोजून, दोन इंच कापड आत सोडलं. मला जरा लागलंच ते.

गेल्या उन्हाळ्यातल्या दोन पँटी त्यांनी नेहमीसारख्या कागदात गुंडाळून दिल्या. कापताना मी तिथं नव्हतो, माकणीला गेलो होतो. देताना त्यांनी फक्त "सांभाळा," एवढं म्हटलं. गिऱ्हाइकाला ते नेहमीच तसं म्हणायचे.

पावसाळ्यात त्यांचं पोट बिघडलं, मग ते नुसतं बिघडणं नाही हे बार्शीच्या दवाखान्यात कळलं. महिन्याभरात अंग झडलं. पँट सैल झाली. त्यांनी ती आत घेतली नाही, पुन्हा लुंगी लावली.

"हे उतरलेलं माझं न्हाय," ते म्हणाले. "बीमारीची कमाई हाय. तिच्या कमाईवर मी पँट घालणार न्हाय."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हवं ते खाऊ द्या. नातेवाइकांनी कुंथलगिरीचे पेढे आणले. खाटेजवळ स्टुलावर पुडा उघडा पडलेला असायचा. एका संध्याकाळी मी बसलो होतो तेव्हा त्यांनी एक पेढा उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला.

"वीस वर्षं ह्याच्याशी भांडलो सर. आता समोर हाय अन् काही वाटंना. भूकच गेली." त्यांनी पुडा मिटला. "घरातलं भांडणारं माणूस जावं तसं झालंय. शांतता लई हाय. करमत न्हाय."

जेवणाची वेळ झाली होती. सुनेनं पेज आणली. मी दोन चमचे वाटीत वाढले. त्यांना तेवढीही जाणार नव्हती. तरी त्यांनी हातानं खूण केली, आणि मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

ते गेले. घराला तीन दिवस डबे आले. वरच्या खोलीत कुणी डबा आणला नाही, आणायचं कारणही नव्हतं. मी बेकरीतून खारी आणली. मग टोस्ट. मग फरसाण. दार लावून, पुस्तक उघडून बसायचो. वाचत नव्हतो, पान उघडं असलं की हाताला बरं वाटायचं. सून दोन-तीनदा जिन्याखालून म्हणाली, "सर, खाली येत नाही तुमी." मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत.

मागच्या आठवड्यात सकाळी शाळेत जाताना पँटीचं बटण लागेना. दोन्ही नव्या पँटींचं. दोन बोटांचं अंतर राहत होतं. चाचांच्या दुकानाचं शटर पाच महिने बंद आहे. मी ढगळ पायजम्यावरच शाळेत गेलो आणि सुटल्यावर दोन्ही पिशवीत घालून एसटी स्टँडजवळच्या शिंप्याकडं गेलो. म्हटलं, दोन इंच मार्जिन असेल, तेवढं सोडा.

त्यानं पँट उलटी केली, कमरेची शिवण बोटानं चाचपली, चष्मा लावून पुन्हा पाहिली.

"काय सोडू? आत काहीच न्हाय की."

"असेल. ते ठेवायचे नेहमी."

"हे बघा." त्यानं पट्टी उलटून माझ्यापुढं धरली. शिवणीच्या अगदी कडेनं कापड कापलेलं होतं. सरळ, एका झटक्यात. दुसरी पँट पाहिली, तीही तशीच. "कुण्या नवशिक्याकडून शिवली वाटतं. मार्जिन ठेवायचं असतंय हेबी ठाव न्हाय त्याला. ही न्हाय सुटायची सर, नवी घ्या. मापं देता का?"

मी नको म्हणालो. तो नवशिका नव्हता, हे सांगायचं राहिलं. पिशवी घेऊन स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसलो. करमाळ्याची गाडी लागली, भरली, गेली. गेला उन्हाळा आठवत होतो. कापलेली पट्टी टोपलीत टाकण्याआधी त्यांनी तिच्याकडं बघितलं असणार. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पुन्हा गर्व केला असता.

घरी आल्यावर पँटींना इस्त्री केली आणि खिळ्यावर टांगल्या. खारीचा पुडा होता तो खाली गल्लीत बांधलेल्या एका शेळीला घातला. संध्याकाळी त्याच ढगळ पायजम्यावर, रिकामं ताट घेऊन जिना उतरलो.

सून चुलीशी होती. मला ताटासकट दारात पाहून ती उभी राहिली.

"भाभी," मी म्हणालो, "एकदाच वाढा."

तिनं ताट घेतलं नाही, माझ्या हातातच राहू दिलं. भात वाढला, दालचा वाढला. डाव पुन्हा पातेल्यात गेला, सवयीनं. "आजून थोडं, सर?" असं ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आतच तिनं डाव काढून घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.